दोन ट्रक आणि आई

मेमोरियल डेच्या लाँग वीकएंडला टेक्सासातल्या अर्विंगमधला प्रत्येक देशी माणूस कुठे ना कुठे जातोच. न जाणाऱ्याची मंगळवारी ऑफिसात पंचाईत होते, कारण कॉफीच्या मशिनपाशी सगळे फोटो दाखवत असतात आणि आपल्याकडे दाखवायला फक्त गवत कापलेलं अंगण असतं. २००६ साली आम्ही वाळवंट निवडलं. पश्चिम टेक्सासात, पेकॉस गावाच्या दक्षिणेला, एक खासगी वन्यप्राणी उद्यान होतं. दिवसा गाइडबरोबर ट्रकमधून प्राणी बघायचे, मुक्काम तंबूत करायचा. वेबसाइटवर वळलेल्या शिंगांचा मोठा मेंढा होता आणि मागे लाल डोंगर. मृणाल म्हणाली, "आईंना आवडेल." मी म्हणालो, "आवडायलाच पाहिजे."

या 'पाहिजे'मागे कारण होतं. ते आधीच सांगून टाकतो, उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. आई एप्रिलमध्ये नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि ऑक्टोबरात परत जायची होती. नेमका ऑक्टोबरच्या एक तारखेपासून मृणालचा एचवन (नोकरीचा व्हिसा) सुरू होणार होता, म्हणजे सहा वर्षं घरात बसल्यावर माझ्या बायकोला पहिल्यांदा नोकरीवर जाता येणार होतं. सई आठ वर्षांची. शाळा तीनला सुटते. आणि माझ्या आईनं नागपुरात तीस वर्षं पाळणाघर चालवलेलं. पुढचं तुम्हीच समजून घ्या. एक्स्टेंशनचा फॉर्म (व्हिसावरचा मुक्काम वाढवून मागायचा अर्ज) मी भरून डायनिंग टेबलावर ठेवला होता, आईची सही तेवढी राहिली होती. "एकटी काय करशील तिथे?" असं मी तिला रोज विचारायचो, आणि विचारताना आपण किती चांगला मुलगा आहोत असं मला वाटायचं. आई म्हणाली होती, "वाळवंटातून आल्यावर सांगते."

शनिवारी पहाटे निघालो. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि मोठा डबाभर चिवडा केला होता. पुऱ्या डिकीत गेल्या, पण चिवड्याची पिशवी तिनं स्वतःच्या खांद्याला लावली. सईला दर अर्ध्या तासानं भूक लागते हे तिला दीड महिन्यात कळलं होतं. फोर्ट वर्थ मागे पडलं, ॲबिलीनपर्यंत झाडं होती, नंतर झाडांनी आमचा नाद सोडला. रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना मेस्किट (आपल्या बाभळीच्या नात्यातलं काटेरी झुडूप). मिडलंडच्या आसपास तेलाचे पंप लागले. मान खाली, मान वर, मान खाली, मान वर.

"हे काय करून राहिले?" आईनं विचारलं.

"तेल उपसतात."

"माणूस कोणी दिसत नाही तिथं."

"माणूस लागत नाही आई. इथं कशालाच माणूस लागत नाही."

हे मी कौतुकानं सांगितलं होतं.

आईची एक सवय मला त्या प्रवासात फार टोचत होती. पेट्रोल पंपावर थांबून आम्ही परत गाडीत बसलो की ती मागच्या सीटवरून बोट फिरवायची, "सई, मृणाल, विनू आणि मी. चल आता." पाळणाघराची सवय. एकेकाळी अठरा-अठरा पोरं असायची तिच्याकडे आणि तीस वर्षांत एकही पोर तिच्या हातून कुठे सुटलं नाही. तिसऱ्या थांब्यावर मी चिडलोच. "अगं, चार माणसं आहोत आपण. मोजतेस काय?" ती म्हणाली, "चार असले तरी मोजावेच लागतात बाप्पा." मृणालनं मला डोळ्यांनी गप्प केलं.

दीडच्या सुमाराला उद्यानाच्या फाटकाशी पोचलो. गाडीतून उतरल्या उतरल्या उन्हानं तोंड भाजलं. ऑफिस म्हणजे पत्र्याचं छप्पर, आत गार हवा, भिंतीवर हरणांची मुंडकी आणि टोप्या-मग विकायचं दुकान. काउंटरवरच्या बाईनं प्रत्येकाच्या हातात तीन पानी कागद दिला. साप चावला, प्राण्यानं धडक दिली, उष्माघात झाला, वाट चुकली, यातल्या कशालाही आम्ही जबाबदार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. आईनं चष्मा काढला. "काय लिहिलं आहे?"

"काही नाही, सगळीकडे असतं हे. सही कर."

तिनं मराठीत सही केली, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. बाई कागदाकडे बघून "ब्यूटिफुल" म्हणाली.

अडीचला फेरी निघाली. दोन उघडे ट्रक, मागच्या भागात बाकं ठोकलेली, वर ताडपत्री. दोन्ही मिळून वीस-बावीस माणसं. पुढच्या ट्रकवर एक तरुण गाइड मुलगी होती, आमच्या ट्रकवर डेल नावाचा साठीचा गाइड, उन्हानं रापलेला, मिशा पांढऱ्या. त्याच्या हातात दोन्ही ट्रकची मिळून एकच यादी होती. निघताना तो प्रत्येकाच्या नावावर खूण करायचा. धूळ उडते म्हणून दुसरा ट्रक बराच अंतर ठेवून चालायचा.

पहिला तासभर मजेत गेला. ते वाळवंट आपल्या डोक्यातल्या वाळवंटासारखं नाही. वाळूच्या टेकड्या नाहीत, सगळी भुरकट कडक जमीन, तिच्यावर निवडुंग, लांबवर गंजलेल्या रंगाचे डोंगर. प्राँगहॉर्न (हरणासारखा, पण हरणाच्या कुळातला नसलेला, फार वेगानं पळणारा प्राणी) दिसले. हॅविलिनांचा (रानडुकरासारखे दिसणारे केसाळ प्राणी) एक कळप आधी वासानं कळला आणि मग डोळ्यांना दिसला. मग रस्त्यातून एक लांब शेपटीचा पक्षी तुरुतुरु पळत गेला. डेल म्हणाला, "रोडरनर. उडता येतं त्याला, पण पळणं आवडतं."

आई म्हणाली, "हा तर आपल्या भारद्वाजाचा भाऊ आहे रे. चाल पाहा त्याची. सांग ना त्याला."

"आई, कुठला भारद्वाज. इथं कुठून येणार?" मी सांगितलं नाही. दोन मिनिटांनी डेल आपण होऊनच म्हणाला, हा कोकिळेच्या कुळातला पक्षी आहे, आशियात याचे नातलग आहेत. म्हणजे आईचं बरोबर होतं. ते मला ऐकू आलं, कळलं, आणि तरी मी तिला सांगितलं नाही. मी तेव्हा फोटो काढत होतो.

तीनच्या पुढे पाणवठा आला. एका खडकाच्या पोटात थोडंसं हिरवट पाणी, समोर फळ्या ठोकून केलेला आडोसा, त्याला आडव्या फटी. फटीतून बघायचं, बोलायचं नाही. आडोशाच्या मागे वीसेक पावलांवर खडकाआड एक लाकडी संडास. इथं सगळे उतरले.

त्या पाणवठ्यावर मला भेटले ते शुगर लँडचे पाटील. पुढच्या ट्रकमध्ये होते, मूळचे सांगलीचे, तेल कंपनीत इंजिनिअर. मराठी ऐकून जवळ आले. दोन मराठी माणसं अमेरिकेत भेटली की तिसऱ्या वाक्याला ग्रीन कार्ड निघतं. "तुमची प्रायॉरिटी डेट काय?" (म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत तुम्ही कधीपासून उभे आहात.) मी सांगितली. ते म्हणाले, "अरेरे." मी त्यांची विचारली आणि मीही अरेरे म्हणालो. मग वकील, मग लेबर सर्टिफिकेट, मग कोण कसा पुढे घुसला. समोर पाण्यावर एक कोल्हा आला होता म्हणे. मी पाहिला नाही.

दरम्यान सईला पुढच्या ट्रकमध्ये बसायचं होतं, कारण तिथली गाइड मुलगी मुलांना भोंगा वाजवू देत होती. मृणाल तिच्याबरोबर तिकडे गेली. पाटलांना बोलणं तोडवेना, म्हणून ते आमच्या ट्रकमध्ये माझ्या शेजारी आले. मला वाटलं, आई सईच्या मागे गेली. मृणालला वाटलं, आई माझ्याजवळ आहे. दोन्ही ट्रक निघाले. आणि डेलच्या यादीत आईच्या नावापुढे खूण होती.

ती खूण कशी झाली ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला इथंच सांगतो. आईला त्या खडकाआडच्या लाकडी खोलीत जायचं होतं. परक्या पुरुषाला ते कसं सांगायचं? न सांगता तर ती जाणार नाही; तीस वर्षं पोरांना "आलेच हं" म्हटल्याशिवाय ती स्वयंपाकघरातसुद्धा गेलेली नाही. जाते म्हटलं की पोरं रडतात. तेव्हा ती डेलपाशी गेली, हात वर केला, आणि आपल्या "आलेच, आलेच"चं तिच्या परीनं स्वच्छ इंग्रजी करून म्हणाली, "आय केम, आय केम." डेल यादी घेऊनच उभा होता. एक बाई येऊन सांगते आहे की मी आले. तो म्हणाला, "ग्रेट, मॅम," आणि खूण केली. आईला वाटलं, परवानगी मिळाली. ती गेली.

आम्ही डोंगराच्या घळीत शिंगवाल्या मेंढ्या बघत होतो. तिथे ट्रकमधून उतरायला परवानगी नाही. दुर्बिणी फिरत होत्या. मेंढे उंच कड्यावर उभे होते, खरोखर देखणे. पाटील मला सांगत होते की ग्रीन कार्ड झालं, पुढे सिटिझन झालो की आईवडिलांना कायमचं आणता येतं. मी म्हणालो, "माझी आई तर राहायला तयारच आहे हो, फक्त सही बाकी आहे." हे वाक्य मी त्या घळीत उच्चारलं. तेव्हा माझी आई तिथून दोन मैल मागे एकटी होती.

पुढच्या थांब्यावर सावलीचं छप्पर होतं, गार पाणी आणि बिस्किटं होती. सगळे उतरले. सई पळत माझ्याकडे आली.

"बाबा, व्हेअर इज आजी? आय ॲम हंग्री. शी हॅज द चिवडा."

मी मृणालकडे बघितलं. मृणालनं माझ्याकडे बघितलं.

"तुझ्याबरोबर नव्हत्या?" ती म्हणाली.

आम्हाला आई आठवली नव्हती. आम्हाला चिवडा आठवला होता.

डेलनं यादी दाखवली. "बट शी टोल्ड मी शी केम." दोनदा म्हणाली, असंही त्यानं सांगितलं. मी तिथेच सगळं समजलो. आमच्या ट्रकमध्ये ते समजणारे दोघं होते, मी आणि पाटील, आणि आम्ही दोघंही ग्रीन कार्डच्या रांगेत उभे होतो. डेल वायरलेसवर ऑफिसशी बोलला, पण ऑफिसपेक्षा आम्हीच जवळ होतो. त्यानं बाकीच्यांना तिथेच ठेवून ट्रक वळवला. मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. रस्ता खडबडीत, ट्रकची गती बैलगाडीपेक्षा थोडी बरी. डेल सारखा म्हणत होता, सावली आहे तिथे, बाकडं आहे, काही होणार नाही. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. त्याचा राग येणं सोपं होतं.

आई आडोशाच्या बाकड्यावर बसली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, पिशवी मांडीवर, पायात मृणालनं घेऊन दिलेले पांढरे बूट. ट्रकचा आवाज ऐकून ती उठली नाही. मी जवळ गेलो तेव्हा तिनं मागे, ट्रककडे बघितलं.

"सई कुठं आहे?"

"आहे पुढे. मृणालजवळ आहे."

"मोजलं ना सगळ्यांना?"

"हो."

मग ती उठली. तिच्या ओठांवर धूळ बसली होती. पाण्याची बाटली ट्रकमध्ये होती, माझ्याकडे. मी बाटली पुढे केली आणि त्याच दमात खोटं बोललो. "आई, दहा मिनिटांतच लक्षात आलं गं आमच्या. पण ट्रक वळवायला जागाच नव्हती. म्हणून उशीर झाला."

आईच्या मनगटावर घड्याळ होतं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. पाणी प्यायली आणि म्हणाली, "होय का."

मी नंतर हिशेब लावला. पन्नास मिनिटं झाली होती. त्यातली तीस तरी आम्हाला पत्ताच नव्हता.

डेल टोपी हातात घेऊन उभा होता. नेमकं काय झालं ते त्याला जाणून घ्यायचं होतं. मी समजावलं, की आमच्या भाषेत जाणारा माणूस जातो असं म्हणत नाही. जाताना आलोच म्हणतो, म्हणजे इतक्या लवकर परत येईन की आलोच समजा. डेल विचार करून म्हणाला, "म्हणजे ती जात होती, म्हणून ती आली असं म्हणाली?" आणि हसला. वाईट हसला नाही, सुटल्यासारखा हसला. आणि मी, माझ्या आईसमोर, त्याच्याबरोबर हसलो. परक्या माणसापुढे अवघडलो की मी हसतो. आईला इंग्रजी जेमतेम कळतं, पण कशाला हसतायत ते कळलं. ती ट्रकच्या पायरीकडे गेली आणि आधाराला डेलचा हात धरून चढली. माझा हातही पुढेच होता.

कँप पाचला गाठला. पांढरे कॅनव्हासचे तंबू, लाकडी फळ्यांची जमीन, लोखंडी खाटा, प्रत्येक तंबूबाहेर एक कंदील. मॅनेजर स्वतः भेटायला आला, फार दिलगिरी व्यक्त केली, आणि आईला दुकानातली टोपी भेट दिली. आई "थँक्यू" म्हणाली. टोपीवर मेंढा होता. मॅनेजर निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही कागदांवर सही केलीच आहे ना?" मी म्हणालो, केली आहे.

जेवायला मोठं टेबल. मांसाचे तुकडे, मक्याची कणसं, आणि घमेलंभर घेवड्याची उसळ दिसली म्हणून मी आईचं ताट वाढलं. मृणालनं चमच्यानं ढवळून बघितलं तर तळाशी डुकराच्या चरबीचे तुकडे. बुकिंग करताना शाकाहारी असं मी दोनदा लिहिलं होतं. स्वयंपाकी म्हणाला, "मांस बाजूला काढून खा ना." आईनं ताट सरकवलं, पुऱ्यांचा डबा काढला, आणि आम्हा सगळ्यांना वाढून मग स्वतः घेतली. समोर डोंगर आधी केशरी आणि मग जांभळे झाले. इतकं सुंदर आकाश मी आयुष्यात बघितलं नव्हतं आणि ते बघायची माझी लायकी नव्हती.

पाटील येऊन आईच्या पाया पडले. "मावशी, घाबरलात का हो?"

"नाही बाप्पा. एक कोल्हा आला होता पाण्यावर. माझ्याकडे पाहून पाणी पिऊन गेला." जरा थांबून ती म्हणाली, "पहिली दहा मिनिटं मला वाटलं, आत्ता येतील. मग वाटलं, पोरगी कुठं गेली म्हणून शोधत असतील. मला शोधत नसतील, असं काही मनात आलं नाही."

ती हे पाटलांशी बोलत होती. मी शेजारी कणीस सोलत होतो.

तंबूत आई आणि सई एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. सई आजीच्या कुशीत शिरून लगेच झोपली. मृणाल माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आपण दोघांनी एकमेकांवर ढकललं. रोजच ढकलतो." भांडण तरी कशावरून करणार.

रविवारी सकाळी सूर्य उगवताना दुसरी फेरी होती. गार वारा, कोयोटींची (लांडग्याची लहान जात) ओरड, निवडुंगांवर पिवळी फुलं. आई आली, पण एकाही थांब्यावर ट्रकमधून उतरली नाही.

"उतर ना आई, कासव आहे."

"दिसून राहिलं इथूनच."

डेल आता नावं मोठ्यानं वाचत होता, आणि आईच्या नावाशी थांबून प्रत्येक वेळी विचारायचा, "मॅम, डिड यू कम?" सगळा ट्रक हसायचा. त्याला आपण लोभानं विचारतोय असंच वाटत होतं. आई मान हलवायची. चौथ्या वेळेला ती म्हणाली, "येस. सिटिंग." मग कोणी हसलं नाही.

परतीच्या नऊ तासांत आईनं कोणाला मोजलं नाही. पेट्रोल पंपावर थांबलो, परत बसलो, दारं लागली, आणि मी गाडी सुरू न करता वाट बघत राहिलो. मागून आवाज आला नाही. मग मीच मागे वळून बघितलं, तर ती खिडकीतून तेलाचे पंप बघत होती.

सोमवारी सुट्टी होती. दुपारी चहा झाल्यावर मी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. पेनही ठेवलं. माणूस किती निर्लज्ज असू शकतो ते लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो.

आईनं फॉर्म नीट घडी घालून बाजूला ठेवला. "ऑक्टोबरपर्यंत नको. जूनच्या शेवटचं तिकीट पाहा."

"आई, एका चुकीसाठी? डेलची चूक होती ती. यादी त्याच्याकडे होती."

"त्याची नाही चूक. मी त्याला आले म्हणून सांगितलं, त्यानं ऐकलं. माझं इंग्रजी चुकलं." ती अगदी शांत होती. "मी सईला सांभाळेन विनू. मृणालला नोकरी मिळाली ते मला आवडलं. मला पाळणाघरासाठी ठेवून राहिलास, तेही चालेल. घरचंच आहे."

मला वर बघवेना.

"पण पाळणाघरात सांभाळणारी बाई गेली कुठं, ते कोणी पाहत नाही. तिथं मी कधी पाहिलं नाही, कारण सांभाळणारी मीच होते. आता कळलं. मी सगळ्यांना मोजते. मलापण कोणी मोजावं की नाही? नागपुरात सकाळी सातला माझी दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली ना, तर समोरच्या देशकरबाई बेल वाजवतात. त्या माझ्या कोणी नाहीत."

"आम्हीही आहोत ना."

"आहात. तुम्ही चांगले आहात. फक्त तुमच्या दोन गाड्या आहेत. या गाडीला वाटतं त्या गाडीत आहे."

ती कप घेऊन उठली. मृणाल दारात उभी होती, तिनं ते सगळं ऐकलं होतं. ती आत येऊन आईच्या हातातला कप घेऊ लागली, पण आईनं धुऊनच दिला.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे पॉटलक (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण) होतं. अर्विंगची चार कुटुंबं, नेहमीची. कोणीतरी ट्रिपबद्दल विचारलं आणि सईनंच फोडलं, "वुई लॉस्ट आजी." मग मला सांगणं भाग पडलं, आणि मी ते विनोदी करून सांगितलं. आय केम, आय केम. लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कोणाच्या सासूनं स्टोअरमध्ये असंच काय केलं, कोणाच्या वडिलांनी विमानतळावर काय केलं, अशा गोष्टी निघाल्या. मग एका वहिनींनी हसू आवरून विचारलं, "पण काकू, किती वेळ होतात हो तुम्ही तिथे?"

मी भांड्यात डाव घालून उभा होतो. आई वाटीत श्रीखंड वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

"दहा मिनिटं असतील," ती म्हणाली. "लगेच आला हा."

जूनच्या अठ्ठावीसला ती गेली. विमानतळावर सिक्युरिटीपर्यंत सोडता येतं, तिथपर्यंत सोडलं. सईला तिनं दोनदा जवळ घेतलं, मृणालला सांगितलं की डब्यांना नावं लिहिली आहेत. ऑक्टोबरात मृणाल कामावर जाऊ लागली, सई शाळेनंतर डे-केअरमध्ये. तिथे भिंतीवर यादी आहे, मुलाला नेताना सही करावी लागते. मी कधीकधी सात-आठ मिनिटं उशिरा पोचतो, तेव्हा सई काचेला नाक लावून उभी असते. त्या वेळी मला त्या आडोशाचं बाकडं दिसतं. ते पाहिल्यावर काही सुधारलो असंही नाही, उशीर होतोच.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रात्री, म्हणजे तिथल्या रविवारी सकाळी, मी नागपूरला फोन लावला. देशकर काकूंनी उचलला. आई चक्कीवर दळण आणायला गेली होती आणि त्या आमच्याच घरात बसून मेथी निवडत होत्या.

"अरे विनू, नशीबवान आहे रे तुझी आई," त्या म्हणाल्या. "सगळ्या कॉलनीला सांगून झालं तिचं. मुलानं वाळवंट दाखवलं, तंबूत ठेवलं. आणि ती मागं राहिली तर तू दहा मिनिटांत परत आलास म्हणे, डोळ्यांत पाणी घेऊन. आमची पोरं पुण्यात आहेत, पण दहा दिवस फोन नसतो."

मी म्हणालो, "हो काकू."

"ऑक्टोबरात परत बोलावलं असतंस तर गेली असती का, म्हणून विचारलं मी, तर काही बोलली नाही." मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "अगं बाई, अजून कशी नाही आली ही? कोपऱ्यावर तर चक्की. पंधरा मिनिटं झाली जाऊन. थांब रे विनू, फोन ठेवू नको, मी बघून येते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपला, दार, आणि जिन्यातून माझ्या आईला नावानं हाका मारत खाली उतरत गेलेला त्यांचा आवाज. मी फोन कानाला धरून बसून राहिलो.